पंधरा मिनिटं हलायचं नाही

आमचे हे कवळ्या बनवतात. छत्तीस वर्षं झाली. दातांच्या दवाखान्यांतून मापं येतात आणि आमच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर त्यांच्या कवळ्या होतात. गल्लीत सगळे यांना कवळीवालेच म्हणतात. मला कवळीवालीण म्हणतात, तेही माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असताना!

माणूस हाताचा पक्का, पण मनाचा महाभित्रा. पाल दिसली की हे खुर्चीवर. दोन शिंका आल्या की लगेच, "अगं, छातीत उतरलं वाटतं." "मेलो गं मेलो" हे लग्नापासून इतक्यांदा ऐकलंय, की खरंच काही झालं तर मी आधी भाजी ढवळून मग उठेन, असं मी यांना कितीदा सुनावलंय.

कामात मात्र भीती नाही. रबरी वाटीत प्लास्टर कालवायचं, साच्यात ओतायचं, आणि उरलेल्यातली चिमूटभर गोळी डाव्या तळहातावर ठेवायची. ती अंगठ्याने दाबत बसायची. नख रुतेनासं झालं की साचाही झाला म्हणायचं. मी एकदा हौसेने गजराचं घड्याळ आणून दिलं, ते अजून खोक्यात आहे. "घड्याळाला काय कळतंय? हाताला कळतं," म्हणतात.

एवढी वर्षं वाकून बसल्यावर पाठ गप्प थोडीच राहणार! मणक्यांमधली एक गादी पार झिजली. डाव्या पायात कळ अशी यायची की हातातला दात टेबलाखाली जायचा आणि मी तो शोधत रांगायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, जेल भरू. फ्रिजमध्ये ते पाण्यासारखं पातळ असतं, सुईतून आत जातं आणि अंगाच्या उबेवर घट्ट होऊन गादीसारखं बसतं. पॉलिमर का काय म्हणतात त्याला. पण सुई काढल्यावर पंधरा मिनिटं अजिबात हलायचं नाही. हललात तर ते मागे सरकेल, पायाच्या शिरेवर जाऊन बसेल आणि तिथेच घट्ट होईल.

"मग?" यांनी विचारलं.

"मग डावा पाय जाऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर हलायचं नाही."

दुसऱ्या कुणाला सुईची भीती वाटली असती. यांना वाटली ती जेलची. घरी येऊन जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या सुरू झाले. "घट्ट होणारी वस्तू मी ओळखतो. बुडबुडा राहतो. आकसते. प्लास्टर घट्ट होताना तापतं, ठाऊक आहे ना? आणि चुकीच्या जागी बसलं तर फोडूनच काढावं लागतं. माझा मणका फोडणार का?" मी म्हटलं, "आधी जेवा." पण मीही माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

काल सकाळी दवाखान्यात गेलो. पांढऱ्या फरशीची खोली, भिंतीवर घड्याळ, मधोमध उंच अरुंद पलंग. हे पालथे झोपले. माझा हात सोडेनात, म्हणून मला डोक्याशी स्टूल दिलं. भूल फक्त पाठीच्या कातडीपुरती होती, पाय जागेच राहतील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सुई गेली, निघाली. "झालं. आता पंधरा मिनिटं," म्हणून डॉक्टर शेजारच्या खोलीत पडद्यावरचं चित्र बघायला गेले.

हे उशीतून पुटपुटले, "सुईत उरलं असेल. माग ना. हातावर दे."

आणि मी मागितलं! कुणी सांगितलं होतं मला? नर्सबाई हसली, तिने यांच्या डाव्या तळहातावर चार थेंब टाकले आणि पाठमोरी होऊन सामान आवरायला लागली. मला वाटलं, चला, हातात काहीतरी असलं की गप्प पडतील.

पाच मिनिटं झाली. अंगठा फिरतोय. सात झाली.

"अगं, पातळच आहे."

"होईल हो."

"नाही होत. बघ, ओघळतंय." आवाज कापत होता. "हातावर झालं नाही म्हणजे आतही झालं नाही. आत वाहतंय ते. मणक्यातून खाली वाहतंय!"

मीसुद्धा पाहिलं ना, थेंब मनगटाकडे सरकत होते. "हलू नका" म्हणेपर्यंत यांनी कोपरं टेकली आणि छाती उचलली. मी स्टूल लाथाडून यांच्या खांद्यांवर अंग टाकलं. "पडून राहा! शपथ आहे माझी, पडून राहा!" असं ओरडले. नर्सबाईने पाय दाबून धरले. उठले होते वीतभरच. वीतभर म्हणजे किती, ते कुणाला विचारू?

डॉक्टर धावत आले. यांचा तळहात धरून म्हणाले, "अहो, हात बर्फ झालाय तुमचा भीतीने. यावर कसं घट्ट होईल? त्याला अंगातली ऊब लागते." तेव्हा कुठे हे निपचित पडले. उरलेली मिनिटं मी यांच्या खांद्यांवरून उठलेच नाही.

पंधरा झाली. डॉक्टर पायाशी गेले.

"उजवा अंगठा हलवा."

हलला.

"शाबास. आता डावा."

मी डाव्या अंगठ्याकडे पाहत होते. डॉक्टर पाहत होते. नर्सबाई पाहत होती.

"डावा हलवा," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

"हलवला की!" उशीतून आवाज आला, चांगला ठणठणीत. "किती वेळा हलवू? काय गं, दिसतोय ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी उभ्या जन्मात या माणसाला गोड बोलून फसवलेलं नाही. जे असेल ते तोंडावर सांगते.

"दिसतोय हो," मी म्हटलं. "छान हलतोय."