दुखावलेलं जनावर मागं घेणारा

बोरी बुद्रुकात माणसाचं काही गुपित असलं तर गाव ते शोधून काढतं, आणि नसलं तर पदरचं घालून देतं. रामनाथच्या बाबतीत गावानं हे दुसरं पुण्यकर्म केलं.

त्याची बायको सारजाबाई जाऊन दुसरं वर्ष लागलेलं. गुडघे बोलायला लागले म्हणून मेंढरं मेहुण्याच्या कळपात घातलेली. एकुलता पोरगा सुदर्शन चाकणला कंपनीत. असा हा सडा माणूस दर रविवारी दुपारी भाकरी खाऊन ओट्यावर बसायचा, फोन तोंडासमोर धरायचा आणि लाडात यायचा, "ये माझी बाय, मागं ये. लई लागलं का गं?" आता कुंपणापलीकडं धुणं वाळत घालणाऱ्या साळुबाईनं हे ऐकून काय समजायचं? तिनं समजायचं ते समजून घेतलं आणि दळण उचलून गिरणीकडं निघाली.

"पारनेरकडची हाय म्हनं कुनी," ती गिरणीवर म्हणाली. "रविवारचीच गावती. नोकरीवाली आसंल."

साळुबाई पीठ घेऊन घरी पोचेस्तोवर त्या नोकरीवालीला एक लेकरूही झालं होतं.

खरी गोष्ट अशी की ती बाय म्हणजे एक सरडी होती. शिंगं असलेली, जाळ ओकणारी, आणि राहायला फोनमध्ये.

झालं होतं काय, सारजाबाईच्या वर्षश्राद्धाला सुदर्शन आला आणि पाहुणे पांगल्यावर घरात बापलेक दोघंच उरले. या घरात बोलायचं खातं सारजाबाईकडं असायचं. "आप्पाला सांग", "सुदाला इचार", सगळा कारभार तिच्यामार्फत. मधलं माणूसच गेल्यावर पोरगा फोनमध्ये डोकं घालून बसला आणि बाप आढ्याकडं बघत. शेवटी रामनाथनंच घसा खाकरला.

"काय करतूस रं?"

सुदर्शननं दाखवलं. जनावरांची झुंज होती. दोघं खेळणारे, दोघांकडं तीन-तीन जनावरं, ब्रह्मदेवाला सुचली नसतील अशी. मैदानात एका वेळी एकेकच. दर फेरीला दोनातली एक गोष्ट करायची: मैदानातल्या जनावराला वार करायला लावायचं, नाहीतर त्याला मागं घेऊन दुसरं पुढं काढायचं. ज्याची तिन्ही आडवी झाली तो हरला. पुढच्या डावाला सगळी पुन्हा ठणठणीत.

त्या संध्याकाळी बाप आणि लेक जितकं बोलले तितकं सारजाबाई असतानाही बोलले नव्हते. जाताना सुदर्शननं खेळ बापाच्या फोनमध्ये घालून दिला. खेळातली इंग्रजी नावं रामनाथच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं आपल्या मेंढ्यांची नावं ठेवली. सरडी झाली बांडी, दगडी पाठीचं कासव झालं धोंडी आणि पंखवाली मासळी झाली मोरी.

तेव्हापासून रविवारी दुपारी चाकणहून फोन यायचा. चाकण काही काशी नव्हे. नारायणगावला एष्टीत बसलं की मंचर, खेड आणि पुढं चाकण. पण पोराच्या पायाला कंपनीची शिफ्ट आणि बापाच्या पायाला गुडघे. मग फोन मोठ्या आवाजावर टाकून झुंज लावायची. "आप्पा, चला." "आलू." "मारलं." "बदललं." "संपलं की हो, आप्पा." एवढंच बोलणं. रविवार ते रविवार रामनाथला ते पुरायचं.

आणि तो दर रविवारी हरायचा. एकदासुद्धा चुकून जिंकला नाही.

एका रविवारी सुदर्शन म्हणाला, "राग मानू नका आप्पा, पण तुम्ही दर वेळी तसंच हरता. मला आधीच कळतं काय होणार ते. मजा येत नाही राव. आता काही आठवडे मला ओव्हरटाइम आहे. नंतर एकदा खेळू. तेव्हा पण असंच झालं तर मग राहू दे."

"बरं," रामनाथ म्हणाला. फोन बंद झाल्यावरही त्याच्या तोंडात तो "राहू दे" अडकलेल्या कुसळासारखा टोचत राहिला. रविवार गेला तर आठवड्यात उरतं काय? सात दिवस आणि साळुबाई.

मग त्यानं चूक हुडकायला घेतली. आधी दोष रेंजला दिला आणि ओटा सोडून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसायला लागला. ("बघा, आता चोरून बोलतोय," साळुबाई.) मग दोष जनावरांना दिला आणि तिघींना सरावानं पार तयार केलं. तरी फोनमधल्या मशिनबरोबरच्या झुंजीतही हार ती हारच. शेवटी भलतीकडंच बोट पडलं आणि फोनवर त्याची जुनी झुंज पहिल्यापासून चालू झाली. झालेली लढत परत बघता येते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आपली हार परत बघणं म्हणजे आपलंच उष्टं पुन्हा वाढून घेणं. पहिल्यांदा त्यानं तोंड वाकडं करून बघितलं. मग दुसरी हार बघितली, तिसरी बघितली, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की सुदर्शन काही मोठा मल्ल नव्हता. तो नुसता वाट बघायचा. रामनाथच्या जनावराला जरा जोराचं लागलं की रामनाथ त्याला मागं घ्यायचा. पुढं आलेलं ताजं जनावर येता येताच वार खायचं, कारण बदलण्यात रामनाथची फेरी फुकट जायची. मग त्यालाही लागायचं, मग तेही मागं. शेवटी तिन्ही लंगडी, आणि सुदर्शनचा लोखंडी चोचीचा कावळा जसाच्या तसा.

करणार काय! ज्या माणसानं जन्मभर मेंढरं वळली त्याचा हात दुसरीकडं जाणार कसा? इकडच्या उसात बिबट्या बारा महिने मुक्कामाला. कळपात जी लंगडली ती मागं राहिली, आणि जी मागं राहिली ती त्याची. म्हणून रामनाथचा एकच कायदा: दुखावलं जनावर आधी आत. मेंढरं घेऊन कोकणातून परत येताना एकदा त्यानं पाय मोडलेली मेंढी अख्खा घाट खांद्यावर आणली होती. सारजाबाई मागून येत होती आणि तोंडानं पुढं होती.

"माझा पाय मुरगाळला व्हता तवा म्हनला, चल हळूहळू! मला न्हाई कदी उचलली!"

"तू बिबट्याला जड गेली आसतीस," रामनाथ म्हणाला होता. पुढचे दोन मुक्काम त्याला कालवण मिळालं नव्हतं.

चूक कळणं वेगळं आणि बोटाला कळणं वेगळं. उपाय उघड होता. लागलेल्या जनावराला मैदानातच ठेवायचं. पडता पडता ते एक वार करून जातं, आणि ते पडलं की पुढचं जनावर फुकट, अंगावर ओरखडा न येता मैदानात उतरतं. पण धोंडी धापा टाकायला लागली की रामनाथचं बोट आपोआप 'बदला'वर जायचं. ज्या दुपारी त्यानं पहिल्यांदा धोंडीला मैदानात ठेवलं आणि ती पडली, त्या दुपारी तो फोन पालथा घालून उठला. घराच्या अंगाला मेंढरं कोंडायची जाळी अजून गुंडाळून ठेवलेली होती. तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. मग कुणी बघत नाही ना, हे बघून परत आला आणि पुन्हा खेळायला बसला.

ओव्हरटाइम संपला. रविवारी फोन आला.

"चला आप्पा. बघू काय दिवे लावलेत."

मोरी आणि कावळा भिडले, मोरी एका फटक्यात पडली, मग धोंडी उतरली. कावळ्यानं धोंडीला अशी टोच मारली की तिचं कवच तडकलं.

"घ्या, घ्या मागं," सुदर्शन हसत म्हणाला. "मला माहितीये तुमचं."

रामनाथनं डोळे मिटले आणि वार दाबला. धोंडीनं कावळ्याला लोळवलं, सुदर्शनच्या पुढच्या जनावराखाली आडवी झाली, आणि तिच्यामागून बांडी जाळ ओकत उतरली. पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. रामनाथ जिंकला.

तिकडं सुदर्शन मोठ्यानं हसला.

"आप्पा! धोंडीला सोडलीत तुम्ही! कुणी शिकवलं?"

"तूच की. इतक्या बारीला मारलंस, काय तरी येनारच."

"भारीच राव. आता तुम्ही कुणाशी पण खेळू शकता. ते खालचं बटण दाबायचं, जगातला कुणी पण येतो समोर. माझं काय आहे, रविवारी आता जमणं अवघडच आहे. तुम्हाला आता माझी गरज नाही."

रामनाथ फोनकडं बघत राहिला. हरलो तर राहू दे, जिंकलो तर बी राहू दे? मग इतक्या दुपारी उष्टं खाल्लं ते कशासाठी? सवयीनं त्यानं मनातल्या मनात सगळे रविवार मागं नेऊन पुन्हा बघितले, पहिल्यापासून. आलू, मारलं, बदललं. एका रविवारीसुद्धा त्यानं पोराला दुसरं काही विचारलं नव्हतं.

"चला मग, ठेवू?" सुदर्शन म्हणाला.

"ठेवू नगं."

"अजून एक खेळायची?"

"खेळ न्हाई. उगंच बोल."

"काय बोलू?"

"काय बी."

एवढ्यात तिकडं शिट्टी झाली.

"ते काय वाजलं रं?"

"कुकर. डाळ लावलीय."

"कंची?"

"तुरीची. आप्पा, फोडणीत आई हिंग आधी टाकायची का लसूण?"

रामनाथनं आठवून बघितलं. चूल आठवली, तिची पाठ आठवली, बांगड्यांचा आवाज आठवला.

"मला न्हाई रं म्हाईत. मी नुसता खायचू."

"बरं. थांबा, गॅस बंद करून येतो."

रामनाथनं फोन कानाला लावला. तिकडं नळ सुरू झाला, एक भांडं सरकलं. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, ती सुदर्शनला नव्हती. डाळ शिजून, वाढून, खाऊन व्हावी एवढा वेळ गेला, तरी सुदर्शन फोनवर परत आला नाही. रामनाथनं फोन ठेवला नाही. तिकडूनही अजून कुणी कट केला नव्हता.