कारखान्याचं विमान, विमानाचा डायवर

'पायलट होतास म्हणजे काय ऐश!' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी साखर कारखान्याचं विमान चालवायचो. माजलगावच्या पुढे, उसाच्या फडांना लागून कारखान्याची धावपट्टी, तिच्यावर एका इंजिनाचं, चार सीटचं विमान, आणि ते विमान चेअरमनसाहेबांचं. म्हणजे सहकारी, पण साहेबांचं! तिथे मला कॅप्टन कुणीच म्हटलं नाही. 'विमानाचा डायवर' म्हणायचे. तेव्हा दुष्काळ पडलेला, उसाशिवाय रानात काही उगवत नव्हतं, पण किस्स्यांचं पीक मात्र बारमाही होतं. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत, कारण राग अजून गेलेला नाही.

* * *

उड्डाणाआधी धावपट्टीच्या टोकाला ब्रेक दाबून उभं राहायचं आणि इंजिन जोरात फिरवून बघायचं, ही रीत. एका सकाळी ते फिरवताना इंजिन खोकायला लागलं. मी बंद केलं आणि बघायला दार उघडलं, तोवर साहेबांना सोडायला आलेली मंडळी धावत आली. काही शेपटीला, काही पंखांना, आणि एक पहिलवान चक्क पुढच्या पंख्याचं पातं धरून!

'ढकला बे! गाडी बंद पडली!'

'हात काढा! पातं फिरलं तर डोकं उडेल!' मी बोंबललो.

पहिलवानानं माझ्याकडे मोठ्या समजुतीनं बघितलं. 'कावून ओरडायलेत, डायवरसाहेब? तुमी नुस्तं सेकंड गिअर टाका. बाकी आमी बघतो!'

* * *

विमानाचं पेट्रोल ड्रममध्ये यायचं. निघण्याआधी टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून बघायचं. पाणी असेल तर तळाशी बसतं. एकदा काढलं, तर निम्मा पेला पाणी! हे इंजिनात गेलं असतं तर धावपट्टी संपायच्या आत आम्ही उसात असतो.

चौकशी केली. रिकामा ड्रम स्टोअरकीपरनं मधल्या काळात गेस्ट हाऊसला दिला होता, पाहुण्यांच्या आंघोळीसाठी! आजूबाजूच्या वस्त्या टँकरची वाट बघत बसलेल्या, आणि इथे पाहुण्यांच्या आंघोळी चाललेल्या. त्याच ड्रममध्ये मग पेट्रोल ओतलेलं.

मी पेला त्याच्या नाकासमोर धरला. त्याला लाज वाटेल अशी माझी भाबडी समजूत. त्यानं पेला निरखून बघितला आणि म्हणाला, 'कमाल हाय तुमची! अख्ख्या तालुक्यात पाणी न्हाई, आन् तुमाला पेट्रोलात घावलं!'

* * *

विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. तिच्यातून वारा आत गेला की वेगाचा काटा हलतो. एकदा मी आत बसल्यावर कुणी कार्यकर्त्यानं नारायणगडावरून देवाचा प्रसाद म्हणून आणलेला हार त्या नळीला अडकवला. वर, हार घसरू नये म्हणून नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं!

विमान सुसाट पळतंय आणि काटा शून्यावर. मी करकचून ब्रेक मारले. धावपट्टी संपता संपता थांबलो. खाली उतरलो आणि विचारलं, 'हा हार कुणी घातला?'

कार्यकर्ता छाती काढून पुढे आला. 'मीच घातला. खुंटी चांगली दिलीय कंपनीनं!'

* * *

मग धावपट्टीवर जनावरांची छावणी बसली. आजूबाजूला तारेचं कुंपण, आयती मोकळी जागा, साहेबांनी परवानगी देऊन टाकली. दोन्ही बाजूंना म्हशी आणि मधून मी! कडब्याचा भुसा उडून इंजिनाच्या हवेच्या फिल्टरमध्ये इतका बसला, की इंजिनाला धाप लागली. मी तक्रार घेऊन गेलो.

साहेब म्हणाले, 'डायवर, जनावरं जगली पायजेत का विमान?'

जनावरंच जगली पाहिजेत! मलाही तेच वाटत होतं. पण मग मुंबईला म्हशीवर बसून जा ना! हे अर्थात मी मनात म्हणालो. तोंडानं मात्र एवढंच म्हणालो, की फिल्टर साफ होईपर्यंत उडणार नाही.

* * *

आता हा शेवटचा. साहेबांची मुंबईत मीटिंग होती, दुष्काळाचीच. सोडायला अख्खं संचालक मंडळ धावपट्टीवर आलेलं. साहेब पट्टा बांधून माझ्या शेजारी बसले होते.

इंजिनात ठिणगी पाडायला दोन मॅग्नेटो असतात. एकेकावर इंजिन नीट चालतं का, हे दर वेळी तपासायचं. डावा ठीक होता. उजव्यावर टाकलं आणि अख्खं विमान हिवताप भरल्यासारखं थडथडायला लागलं. मी इंजिन बंद केलं.

'साहेब, आज जाता येणार नाही.'

'दोन हायेत ना? एक चांगला हाय की!'

'एक हवेत बंद पडला तर खाली येता यावं, म्हणून दुसरा असतो. एकावरच वर जायचं म्हणून नव्हे!'

साहेब तापले. 'तुमी एकटे कोण ठरवणार? कारखाना सहकारी हाय. सहकारी पद्धतीनं हू द्या.' आणि दारातूनच ओरडले, 'आप्पा, ठराव मांडा!'

आप्पा म्हणजे व्हाइस-चेअरमन. साहेबांच्या नंतर खुर्ची त्यांची, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. त्यांनी पंखाखाली उभं राहून घसा खाकरला. 'विमान उडायला एकदम योग्य हाय, आन् साहेबांनी याच विमानानं जावं, असा मी ठराव मांडतो.'

लगेच अनुमोदन मिळालं. सगळ्यांचे हात वर. इंजिन सर्वानुमते दुरुस्त!

माझं टाळकंच सरकलं. माझ्या जिवाचा फैसला ही मंडळी हात वर करून करणार? मी म्हणालो, 'ठीक आहे. मागच्या सीट रिकाम्या आहेत. आप्पा, तुम्हीही चला.'

'मी?' आप्पा मागे सरकले. 'न्हाई, न्हाई! मागं कारखाना बघायला कुणीतरी पायजे की!'

साहेबांनी आप्पांकडे बघितलं. मग पट्टा सोडला, सावकाश खाली उतरले आणि म्हणाले, 'चला आप्पा, मोटारीनं जाऊ. दोघंबी.'