करणीवालीचा पत्ता, सिंदी ते हिंगणघाट

नातीचं लग्न अडलं होतं आणि भाच्याला भूत पाहिजे होतं, म्हणून आम्ही दोघं एका छकड्यात बसलो.

भाचा मधुकर नागपूरच्या कॉलेजात शिकवतो आणि जादूटोण्यावर प्रबंध लिहितो. एवढं शिकून माणूस शेवटी तिथंच येतो. त्याच्या पिशवीत चाळीस छापील प्रश्न होते: भूत पुरुष की बाई, उंची किती, खातं काय. माझा प्रश्न एकच होता. हिंगणघाटचे तुळशीराम आपल्या मुलासाठी माझ्या सुमनला पाहायला पहाटेच्या गाडीनं आले. दारातच त्यांचा चेहरा उतरला. चहा अर्धा टाकून उठले, आणि दोन महिने झाले, हो नाही की नाही नाही. पोरगी टपालवाल्याच्या वाटेकडं पाहते आणि भाकरी जाळते. मुलगा चांगला, पोरीत खोट नाही, म्हणजे कोणीतरी करणी केली. ती उतरवणारा मला हवा होता.

मी दुसरीतून उठलेली. औंदाच्या वर्षी गावात प्रौढांचा वर्ग निघाला, तिथं राहिलेली अक्षरं शिकते आहे. घरातली एकुलती पाटी नातवंडांनी फोडली, म्हणून पहाटे दारात चुलीची राख पसरते आणि बोटानं गिरवते. हे लिहिणं त्याच राखेतून आलं आहे, तेव्हा वाकड्या अक्षराला नावं ठेवू नका.

जाणाऱ्यांनी कापसाच्या दिवसांत सिंदीचा रस्ता धरू नये. पुढं बंड्या, मागं बंड्या, प्रत्येकीवर घराएवढा कापूस. दोन कोसांना अर्धा दिवस लागला, आणि स्टेशनावर उतरलो तेव्हा मधुकरचं डोकं माझ्याइतकंच पांढरं झालं होतं. त्यानं तसाच चहावाल्याला पहिला प्रश्न टाकला, "तुमच्या गावात जादूटोणा कोण करतं?"

"आमच्या सिंदीत? नाई बाप्पा. इथं सारे कापूसवाले. थे लोकं नाचणगावकडं राह्यते."

पुलगावापर्यंत पॅसेंजर, पुढं नाचणगाव टांग्यानं. गाडीत जवसाची चटणी उघडली तर समोरच्या बाईनं न मागता हात पुढं केला. चटणी जास्तीची न्या.

नाचणगावचा भगत अंगणात बाज विणत बसला होता. मी करणीचं सांगितलं. त्यानं सुतळी दातात धरूनच मान हलवली.

"मी विंचू उतरवतो अन् लेकराची नजर काढतो. करणीचं आपलं काम नाई. त्याच्यासाठी हिंगणघाटले जा."

मधुकर वही उघडून बसलाच होता. "भुताचं साधारण वय किती असतं?"

"मेल्यावर वय कोण मोजते भाऊ?" भगत म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुमाले याचा पगार भेटते?"

"भेटतो."

भगतानं आत हाक मारली. "ऐकलं काय वो? याईले भूत न पाहता पगार भेटते. आपण चाळीस वर्सं विंचवाच्या मागं घालवले."

त्याच्या बायकोनं झुणका-भाकर वाढली. नवऱ्याची विद्या कशी आहे मला माहीत नाही, बाईची खरी आहे. मुक्काम पुलगावच्या धर्मशाळेत केला. तिथं रक्त पिणारं भरपूर भेटलं, पण मधुकरच्या प्रश्नांत ढेकूण नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून मोटारीनं हिंगणघाट. टांगेवाला अजून आण्यांत बोलतो आणि मोटारवाला नव्या पैशांत, तेव्हा दोन्ही सुटे जवळ ठेवा आणि दोघांशीही भांडायची तयारी ठेवा. इथला भगत वणा नदीच्या काठाला राहतो. त्यानं माझ्याकडून पोरीचं नाव घेतलं, सुपात ज्वारीचे दाणे टाकले, दोन-दोन बाजूला सारले. शेवटी एक दाणा उरला. त्यानं सूप खाली ठेवलं.

"हे माह्यानं उतरत नाई, बाई. करनारी लय कडक हाय. सिंदीकडची एक बुढी."

मधुकरचे डोळे चमकले. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणी पुढच्या गावाऐवजी माणूस सांगितला होता. "पत्ता मिळेल?"

"दरवाजा निळा, दारात शेवगा. पहाटे राखेत यंत्र काढते, बोट फिरवते, तोंडानं पुटपुटते. कोणी आलं का पुसून टाकते. इथला तुळशीराम तिथं पोरगी पाहाले गेलता, त्यानं आपल्या डोळ्यानं पाह्यलं. घरी आला तं म्हैस आटली. मले येऊन सारं सांगितलं त्यानं."

मधुकरचं पेन थांबलं. आमचा दरवाजा निळा आहे. शेवगा मीच लावला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "प्रश्न सातवा. उंची किती?"

"तुह्या पाठीत काठी बसन इतकी."

हसण्यासारखं होतं, पण मी हसले नाही. पोरगी दोन महिने झुरत होती आणि वाट अडवून मीच बसले होते. भगतानं उताऱ्याला नारळ मागितला. बुढीला विचारून आणते म्हटलं आणि उठले.

तुळशीरामांचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागं आहे. मला पाहून ते धान्याच्या कणगीमागं गेले. त्यांची बायको पार्वता दारात हात जोडून उभी राहिली.

"आमचं काई चुकलं असन तं माफ करा."

"चुलीतली राख आण."

तिनं आणली. अर्धी वाटेत सांडली. मी ओसरीवर पसरून तिचं नाव लिहिलं. जोडाक्षरं आमच्या वर्गात पुढच्या महिन्यात होती, म्हणून 'पारवता' लिहिलं.

"हे तुहं नाव. पोट्टे शाळेत करते तेच मी राखेत करतो. दुसरं काई नाई."

ती खाली बसली. "एवढ्यात मी सारी आली?"

"सारी आली."

तिनं एकेका अक्षरावरून, न लागेल असं, बोट फिरवलं. कणगीमागून आवाज आला, "पुसून टाक थे."

"कोणी हात लावन त्याले आज जेवाले नाई भेटत," ती मागं न पाहता म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमच्या सुमनले येते काय असं?"

"माह्यापेक्षा चांगलं. जोडाक्षरासकट."

"मंग आमचा हो हाय."

"माहाही हाय," कणगी घाईघाईनं म्हणाली. तिनं कशासाठी हो म्हटलं आणि यानं कशासाठी, ते मी खोदत बसले नाही. निघताना गोठ्यात डोकावले. गव्हाणीत नुसता कडबा.

"सरकी काऊन नाई?"

"सरकी महाग हाय," तुळशीराम म्हणाले.

"मंग मीच आटवली म्हणा."

घरी येऊन सुमनला सांगितलं. त्या दिवशी भाकर जळली नाही. मधुकरच्या प्रबंधात जिल्ह्याचा नकाशा आहे आणि त्यावर सिंदीच्या बाजूला एकच लाल ठिपका आहे. गावातही बातमी पोचली असावी, कारण विहिरीवर बाया मला आधी भरू देतात. मी कोणाचा समज दूर केला नाही. गुडघे दुखतात, रांगेत कोण उभं राहणार? भूत शोधायला निघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, ते नेहमी पुढच्या गावात असतं. गावं संपली की ते तुमच्याच दारात येतं, म्हणून परतीचं भाडं वेगळं बांधून ठेवा.

लग्नानंतर तुळशीरामांचं कार्ड आलं, नातजावयाच्या हातचं. अक्षरावर बोट ठेवत मीच वाचलं: म्हैस अजून आटलेलीच आहे, काहीतरी लिहून पाठवा. मी लिहिलं, सरकी घाला.

सुमन सांगते, माझं कार्ड सासऱ्यानं न वाचता गोठ्याच्या दाराला टांगलं आणि त्याला धूप दाखवला. तिनं ते वाचलं आणि रोज गुपचूप सरकी घातली. म्हैस दोन वेळा दूध देते आहे, आणि माझं नाव वणेच्या पार गेलं आहे.