सकाळी थरथरणारी गाडी

खोटं काहून बोलू, त्या हिवाळ्यात माझा सगळा जीव गाडीत अडकला होता. बायको नातवाला सांभाळायला बंगळुरूला मुलाकडे गेली होती. तीन महिन्यांत येते म्हणाली होती, पण दिवाळीही तिकडेच झाली. मग संक्रांतीला नक्की येणार असं ठरलं. तिची ट्रेन नागपूरला भल्या पहाटे लागते. तिला आणायला मी स्वतः आपल्या गाडीने स्टेशनवर जाणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि आमची ती पंधरा-सोळा वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी नेमकी पहाटेच नखरे करायची.

सेल्फ मारला की सुरू व्हायची, पण लगेच अशी थरथरायची की आरशात मागचं फाटक दोन-दोन दिसायचं. अ‍ॅक्सिलेटरवर पाय दाबून धरला तर तग धरायची, पाय काढला की गचकन बंद. आधी पाच-दहा मिनिटांत तापून शहाणी व्हायची. पुढे तेही सुटलं, ऊन वर येईपर्यंत दहादा बंद पडायची. मुलगा म्हणाला, बाबा, मी मोबाइलवरून टॅक्सी करून देतो ना. माझं टाळकंच सटकलं. माझ्या बायकोला माझ्या घरी आणायला हा तिकडून टॅक्सी पाठवणार! मी फोन ठेवून दिला.

नंदनवन भागातल्या मेकॅनिककडे तीन चकरा झाल्या. पण हुडकेश्वरच्या आमच्या घरून तिथवर जाईतो इंजिन तापलेलं, आणि त्याच्यापुढे गाडी अशी गुमान उभी राहायची की मीच खोटारडा ठरावा. त्याने प्लग बदलले, थ्रॉटल साफ केलं, फरक शून्य. रात्रभर इथेच ठेवा म्हणाला. ठेवली, तर त्याचं शटर उघडलं दहाला, तोवर बोनेटवर चांगलं ऊन आलेलं. शेवटी तो म्हणाला, काका, हे घरीच पाहा, थंड असताना. एकाने आत बसून पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने बोनेटमध्ये कान लावायचा.

दुसरा कुठून आणू? डावीकडे प्लॉट रिकामा, त्यात नुसतं गवत. उजवीकडच्या शेजाऱ्याशी मी उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यावरून भांडलो होतो, आणि भांडण मिटवायला जाणं काही माझ्या स्वभावात नाही. एकदा एकट्यानेच करून पाहिलं. गाडी सुरू केली, उडी मारून बाहेर आलो, पुढे पोचेपर्यंत बंद. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. साठी उलटलेला माणूस सकाळी सकाळी स्वेटर-मफलर घालून गाडीभोवती धावून राहिला, बाप्पा! मग मी पायरीवर बसलो आणि मला रडूच आलं. गाडीपायी नाही. एवढ्या मोठ्या घरात अ‍ॅक्सिलेटरवर पाय ठेवायलाही कोणी नाही, म्हणून.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. बाळाच्या दुधासाठी ती पहाटेच उठते. माझा आवाज ऐकून काय झालं म्हणाली, तर मी गाडीलाच शिव्या घातल्या. ती म्हणाली, मग मले ठेवा ना बोनेटमध्ये, मी ऐकते. तुले काय समजते गाडीतलं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्या दिवशी गिळलं. फोन बॅटरीजवळ उभा केला, आत बसलो, गाडी सुरू करून पाय दाबून धरला. वर उघडलेलं बोनेट, समोरचं काहीच दिसत नव्हतं. ऐकू येते का म्हणून मी आतून ओरडत होतो आणि ती तिकडे मुकाट ऐकत होती.

गाडी बंद करून मी फोन हातात घेतला.

"तो सूं-सूं आवाज कायचा आहे?" तिने विचारलं. "कुकरची रिंग कडक झाली का जशी बाजूनं वाफ निघते ना, तसा. फोनच्या अगदी जवळूनच येऊन राहिला."

मी म्हटलं, फोनचाच असेल. ती म्हणाली, एकदा पाहून तर घ्या. पाहिलं. बॅटरीच्या मागे इंजिनाला जाणारा एक बोटाएवढा रबरी पाइप होता, त्याला खालच्या अंगाने चीर गेलेली. थंडीत रबर कडक झालं की चीर उघडायची आणि तिथून भलती हवा आत जायची. तापलं की रबर नरम पडून चीर मिटायची. जुन्या बनियनची पट्टी ओली करून मी तिथे घट्ट गुंडाळली आणि पुन्हा सेल्फ मारला. थरथर निम्मी झाली. बायकोची मी इतकी तारीफ केली की ती लाजली. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला तर ती लाजायची हेच आठवत नव्हतं.

त्याच दिवशी मेकॅनिकने नवा पाइप टाकून दिला. दुसऱ्या दिवशी बाहेर चांगलं धुकं होतं. गाडी सुरू केली, पाय काढला, आणि ती चालूच राहिली, एकसुरात. मी लगेच फोन लावला, तिला आवाज ऐकवला. आता ये म्हटलं, तुझी ट्रेन पहाटे तीनला का लागेना.

बरं झालं, ती आधी म्हणाली. मग म्हणाली, "अहो, मी संक्रांतीले नाही येऊन राहिली."

सुनेला रोज ऑफिसला बोलावणं आलं होतं, पाळणाघरात बाळ टिकत नव्हतं, सून तिच्यापुढे रडली होती. तिकीट आठवड्याभराआधीच रद्द झालं होतं. "तुम्ही गाडीच्या मागं इतके लागले होते, माह्याच्यानं सांगणंच झालं नाही," ती म्हणाली.

राग आला. खूप आला. तूही तिकडचीच झाली, असं अगदी ओठांवर होतं. मी तिथे जाऊन राहून पाहिलंय, आठवड्यात परतलो, कारण चहा मागायचीही लाज वाटायची. ती तिथे, मी इथे, आणि चुकलं म्हणावं असं कोणीच नाही, याचाच जास्त राग आला.

"राह वं तू," मी म्हटलं. "इकडे थंडी बी खूप आहे."

नातवाला तिची गरज होती. मलाही होती, तेवढीच. पण म्हाताऱ्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगावं?

तिकडे बाळ रडायला लागलं. तिने फोन कुठेतरी ठेवला, बंद करायचा राहिला. भांड्यांचा आवाज आला, मग तिची पावलं, आणि मग तिचा आवाज, "काहून रडून राहिला रे माह्या राजा, आली ना मी." ती त्याच्याशी कितीतरी वेळ बोलत होती. इंजिनाच्या आवाजात मधले शब्द हरवत होते. नीट ऐकू यावं म्हणून मी गाडी बंद केली.