साडेपाच फुटांची भिंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याकडे नोकरी केली त्या आर्किटेक्ट साहेबांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी ड्राफ्ट्समन. घुग्घुसला राहतो, चंद्रपूरला कामाला जायचो. जन्मभर गोदामं आणि शेड यांचेच नकाशे काढले. अशा माणसाला एकदा जिवतीच्या डोंगराखालची ती हवेली मोजायला मिळाली — एका सागवानाच्या ठेकेदारानं बांधलेली, कोरीव खांबांची, चुन्याच्या गिलाव्याची. वारसा वास्तू म्हणून तिची नोंद व्हायची होती आणि नकाशावर माझं नाव येणार होतं. हुरळून गेलो होतो मी.

हवेलीची राखण जंगूबाई करायच्या. सत्तरीच्या, गोंड घरातल्या, बोलणं मोजकं. मे महिना होता. टेपचं दुसरं टोक त्याच धरायच्या. धान्याच्या कोठीपाशी आलो की मात्र त्या उंबऱ्यात चप्पल काढत. त्या कोठीत — कसं सांगू? — बाहेर कोकीळ ओरडत असायचा आणि आत पाऊल टाकलं की ऐकू येत नसे. भर दुपारी अंगावर काटा यायचा. मी आपला शिट्टी वाजवत मापं घ्यायचो.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. इमारत बाहेरून मोजायची, मग आतून खोल्या आणि भिंती मोजून बेरीज करायची. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. इथे जुळेनात. कोठी आणि शेजारची खोली यांच्यामध्ये साडेपाच फूट उरत होते. हवेलीतली बाकी प्रत्येक भिंत दीड फुटाची. मग हे चार फूट कुणाचे?

मी न विचारताच जंगूबाई म्हणाल्या, "माही मोठी बहीण हाय तिथी. लच्ची." लच्ची या कोठीत धान्य पाखडायला यायची. एक दिवस घरी परतली नाही. ठेकेदाराच्या माणसांनी सांगितलं, पळून गेली कोणासंगं. गावानं मानलं. दुसऱ्या दिवशी लहानग्या जंगूनं कोठीच्या या भिंतीवर ओला चुना पाहिला होता. "आमच्यात मेलेल्याचा दगड रोवा लागते, भाऊ. तवा तो आपल्या माणसाईत येते. पन जित्या माणसाचा दगड कोन रोवन? गाव म्हन्ते, ते पळून गेली." एवढंच त्यांना हवं होतं. लच्ची मेली, हे कुणीतरी कागदावर लिहावं.

त्या भिंतीत उंचावर मुठीएवढं भोक होतं. जंगूबाईंनी शिडी धरली, मी चढून टेप आत सरकवली. दीड फूट गेल्यावर पुढे काहीच लागलं नाही — टेप खाली वाकून उतरत गेली. परत ओढली, तर येईना. अडकली असेल? असेलच. पण अडकलेली टेप कशी ओढ देते ते मला ठाऊक आहे, तीस वर्षं तेच केलंय. ही धरलेली होती. मग आतून सोडली गेली.

टेपच्या टोकाच्या हुकाला केस गुंडाळले होते. लांब, बाईचे.

खालून जंगूबाईंनी विचारलं, "काई लागलं का, भाऊ?"

मी केस मुठीत दाबले आणि म्हणालो, "नाही. भरीव भिंत आहे."

का? पोलीस आले असते, भिंत फुटली असती, नोंद लटकली असती, माझं नाव यायचं राहिलं असतं. आणि भीती — तीही होती. केस मी आवाराबाहेरच्या पळसाखाली टाकले. रात्री नकाशात ती भिंत साडेपाच फूट जाड काढून आत भरीव बांधकामाच्या छान रेघा भरल्या.

हवेलीला मान्यता मिळाली. आता दारातल्या फलकावर लिहिलंय की उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून कोठीची भिंत मुद्दाम साडेपाच फूट जाड बांधली आहे. लोक तिला तळहात लावून बघतात, वा वा म्हणतात. तिला खिळाही ठोकायचा तर आता परवानगी लागते.

जंगूबाई भिंत उकरून बघायची परवानगी मागायला कचेरीत गेल्या होत्या. तिथल्या साहेबांनी त्यांच्यापुढे माझा नकाशा पसरला आणि भिंतीच्या रेघांवर बोट ठेवून समजावलं. नंतर त्या बसनं घुग्घुसला माझ्या घरी आल्या. कशासाठी? माफी मागायला. "तुमाले उगाच तरास देल्ला, भाऊ. नकाशा खोटा कसा असन? माहाच भरम होता. लच्ची पळूनच गेली असन." जन्मभर जे एकट्या धरून बसल्या होत्या ते त्यांनी माझ्या ओट्यावर सोडून दिलं.

वर त्यांनी एकदा विचारलं, "पळूनच गेली असन ना?"

मी हो म्हणालो.