प्रसादाचं खोबरं

धाकूकाका चहा बशीत ओतून प्यायचे. चपला दाराकडे तोंड करून काढायचे, जणू लगेच निघायचंय. एकटे असूनही भाताला तांदूळ दोन माणसांचे घ्यायचे. मांजराला अहो म्हणायचे. गाठ मारली की दोनदा ओढून बघायचे.

सुर्ल्याला त्यांनी खनिजाचे ट्रक चालवले. खाणी बंद पडल्यावर डिचोलीला आमच्या शेजारी राहायला आले. चवथीला आमच्या वाड्यावरच्या सात घरांच्या माटोळ्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानफळं टांगायच्या लाकडी चौकटी, तेच बांधायचे. ही सात घरं सोडली तर त्यांना कुणी नव्हतं.

श्रावण लागताना त्यांचं थायरॉईडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. मानेतल्या गाठीही काढल्या. खाणं सुरू झालं आणि जखमेतल्या नळीतून बाटलीत दुधासारखं पाणी उतरू लागलं.

"आता माका डेअरीत घाल गो गौरवी," ते म्हणाले. आवाज बसलेला होता.

डॉक्टरांनी समजावलं. जेवणातली चरबी वाहून नेणारी बारीक वाहिनी मानेत डावीकडे असते. तिला इजा झालीय. तेल, तूप, दूध, खोबरं बंद. गळती थांबली नाही तर पुन्हा मान उघडावी लागेल.

"चवथीक घरा सोडशात मां?" काकांनी तेवढंच विचारलं.

मी रोज बसने पेज न्यायची. सोबत आईने दिलेला देवळातला प्रसाद, खोबऱ्याचा तुकडा. काका तो कपाळाला लावून खायचे. आठ दिवस झाले. बाटली पांढरीच.

"दुसरं काही खाता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेज आणि मीठ. देवाशपथ."

मी शेजारीच उभी होते. हातात पुडी होती.

डॉक्टर गेल्यावर मी ती उघडली. "काका, हे खोबरंच ना?"

"खुळी काय गो? तो प्रसाद. प्रसाद म्हणजे खाणां न्हय."

मग त्यांनी पुडी घेतली आणि मिटून परत माझ्या पिशवीत ठेवली.

"आवशीक सांगू नको," म्हणाले.

मी आईला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं. प्रसाद थांबला, गळती थांबली नाही. तोवर अंगात काही उरलं नव्हतं. पुन्हा मान उघडली. या वेळी बाटली कोरडी झाली. पाचव्या दिवशी ताप छातीत उतरला.

ते गेले तेव्हा चवथ अकरा दिवसांवर होती.

इस्पितळात जाण्याआधी त्यांनी सहा चौकटी बांधून घरोघर पोचवल्या होत्या. सातवी, आमची, त्यांच्या पडवीत आहे. तीन कोपरे पक्के आहेत. चौथ्याला दोर गुंडाळलाय. गाठ मारायची राहिली.