सिस्टरची बादली

परवा नर्सिंग कॉलेजच्या समारंभात एका पाहुण्याने 'रुग्णाच्या आध्यात्मिक गरजा' हा विषय परदेशातून नुकताच आल्यासारखा समजावला. टाळ्या पडल्या. माझं डोकं फिरलं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी इथल्या एका दवाखान्यात हेडक्लार्क होतो. तिथली एक सिस्टर तेव्हाच नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना हे शिकवत होती. ठेंगणी, भरभर चालणारी, पण पेशंटशी बोलताना स्टूल ओढून निवांत बसणारी. ताप बघून झाला की विचारायची, "काका, देवाचं काही करायचं राहिलंय का?" स्वतः बौद्ध, देव मानत नव्हती. मुली हसल्या की म्हणायची, "मी न्हाई मानत गं. पण खाटेवर मी हाय का ते?"

दुष्काळात टँकरचं पाणी माणशी एक बादली मिळे. उदगीरच्या एका मरणासन्न चाचांना नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायचं होतं. हिने वसतिगृहातून स्वतःच्या वाट्याची बादली आणली आणि मुलींना हाताशी घेऊन चाचांचे हात-पाय-तोंड धुतलं. मी दारात उभा होतो.

मोठ्या डॉक्टरांना हे थोतांड वाटलं. त्यांनी सांगितलं आणि मी मेमो लिहिला: दवाखान्याच्या पाण्याची नासाडी. तिचं शिकवणं बंद करून तिला औशाला धाडलं.

मेमो वाचून ती म्हणाली, "भाऊसाहेब, बादली कुणाची होती? तुमी तर दारातच हुबे होते की."

मी फाईलीत डोकं घातलं.

आज लिहून देतो. बादली तिची होती, आणि मला ते माहीत होतं.